कुतुबमिनारजवळची हरळी

अण्णा दिल्लीला आले ते जानेवारीच्या ऐन धुक्यात. मिरजेहून निघालेली गाडी निजामुद्दीनला सात तास उशिरा पोहोचली. आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहत होते आणि मी वर्षभर मागे लागले होते, की थोडे दिवस तरी माझ्याकडे या. शेवटी आले. सोबत एकच पिशवी आणि उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य, "आठ दिवसांनी जाणार बघ."

त्या आठ दिवसांचे दहा महिने कसे झाले, त्याची ही गोष्ट आहे. आणि त्याला कारण ठरलं गवत!

माझा बारा वर्षांचा मुलगा दर रविवारी सकाळी गोल्फ शिकायला जातो. आमच्या घरापासून लाडो सराय जवळ आहे. तिथे दिल्ली विकास प्राधिकरणाचं कुतुब गोल्फ मैदान आहे. देशातलं पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान म्हणून ते ओळखलं जातं. म्हणजे सभासद नसलात तरी पैसे भरून खेळता येतं. झाडांच्या वर डोकं काढून कुतुबमिनार उभा असतो. सुमारे 73 मीटर उंचीचा, आठशे वर्षांचा. दिल्लीत नवीन आलेल्या माणसाला दाखवायला याहून चांगली जागा कोणती, म्हणून त्या रविवारी मी अण्णांनाही सोबत नेलं.

अण्णांनी मिनाराकडे एकदा मान वर करून पाहिलं, "मोठा हाय" म्हणाले आणि लगेच खाली वाकले. सरावाच्या हिरवळीच्या कडेची एक काडी उपटली, पेरं मोजल्यासारखी बोटांत फिरवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, ही तर हरळी."

झोपलेलं गवत

खरंच ती हरळी होती. तीच, जी आपण गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो. उत्तरेत तिला दूब म्हणतात आणि गोल्फवाले तिला बर्म्युडा म्हणतात. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गोल्फच्या मैदानावर झेंडा असलेली जी गुळगुळीत जागा असते, तिला ग्रीन म्हणतात. उष्ण प्रदेशांतल्या ग्रीनवर बहुतेक वेळा या हरळीचा तिच्या आफ्रिकेतल्या एका भावंडाशी केलेला संकर लावतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात असे संकर तयार झाले, म्हणून त्यांची नावं 'टिफ'ने सुरू होतात.

अण्णांना हे सगळं सांगितल्यावर ते हसायलाच लागले. "जन्म गेला माझा हरळी खुरपण्यात. उसात आली की मुळासकट काढायची, बांधावर टाकायची, तिथं पण जगायची. आणि हिला हितं खत घालत्यात? खुळं झालंय का काय हे जग!"

तेवढ्यात फावडं घेऊन जाणारे एक माळी थांबले. पन्नाशीचे, पूर्व उत्तर प्रदेशातले. माझा मुलगा त्यांना माळीकाका म्हणतो. अण्णांच्या हातातली पिवळी काडी बघून ते म्हणाले, "बाबूजी, सोई हुई है."

अण्णांचं हिंदी यथातथाच. पण 'झोपली आहे' एवढं त्यांना कळलं आणि पटलंही. दिल्लीत जानेवारीत पहाटेचं तापमान पाच-सात अंशांवर येतं. हरळी उन्हाळी गवत आहे. तिला सत्तावीस ते पस्तीस अंशांची उष्णता मानवते. जमीन दहा-बारा अंशांच्या खाली गेली की ती वाढ थांबवते आणि वरून पिवळी पडते. जमिनीखालची खोडं जिवंत असतात.

"मग युरिया मारा की थोडा, हिरवी होईल," अण्णांनी माझ्यामार्फत सुचवलं.

माळीकाकांनी मान हलवली. झोपलेल्याच्या तोंडात घास घातला तर तो गिळणार कसा? मुळं घेत नसतील तर नत्र तिथेच पडून राहतं आणि पुढच्या पाण्याबरोबर खाली निघून जातं. त्यातून थोडी कोवळी पालवी फुटलीच, तर पुढची थंडीची लाट ती मारून टाकते. काही मैदानांवर थंडीत हिरवं दिसावं म्हणून ऑक्टोबरात हरळीवर रायग्रास नावाचं थंडीचं गवत पेरतात. त्याला हिवाळ्यात थोडं थोडं खत देतात. पण ते रायग्रासचं जेवण. हरळीचं नव्हे.

घरी येताना अण्णा गप्प होते. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी परत जायचं?"

पहिला घास

फेब्रुवारी संपत आला तसं धुकं विरलं. दिल्लीत सावरीची लाल फुलं रस्त्यावर पडू लागली. अण्णा आता दर रविवारी नातवाच्या आधी तयार होऊन बसत. नातू चेंडू मारायचा आणि अण्णा सरावाच्या ग्रीनजवळच्या बाकावर बसून माळीकाकांची वाट बघायचे. दोघांची भाषा वेगळी, पण खुरपं, माती, मूळ आणि पाणी यांबद्दल बोलायला फार भाषा लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

एकदा माळीकाकांनी त्यांना मूळ दाखवलं. गोल्फच्या ग्रीनवरचा खड्डा रोज किंवा एक दिवसाआड जागा बदलतो, नाहीतर त्याच्या भोवतीचं गवत तुडवून मरेल. नवा खड्डा पाडायला गोल पात्याचं यंत्र असतं. खड्ड्याचा व्यास जगभर एकच, 108 मिलिमीटर. त्या यंत्रातून मातीचा जो गोल तुकडा निघतो, तो जुन्या खड्ड्यात बसवतात. बसवण्याआधी माळीकाकांनी तो आडवा धरला. वर जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं गवत आणि खाली वाळूत उतरलेली बारीक पांढरी मुळं.

"पांढरं मूळ म्हणजे जागं मूळ," अण्णा म्हणाले. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

वसंतातलं पहिलं खत मुळं अशी पांढरी दिसल्यावरच द्यायचं. घाई केली तर ते रायग्रास आणि तण खातात, हरळी उपाशीच राहते. मार्चमध्ये रात्री उबदार झाल्या, की हलकं नत्र द्यायचं आणि माती तपासणीत कमी आढळलं असेल तरच स्फुरद. "आधी माती तपासायची, मग पोतं फोडायचं," माळीकाका म्हणाले.

अण्णा यावर काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल.

चमच्याने भरवणं

खताच्या पोत्यावर तीन आकडे असतात, हे शेतकऱ्याच्या मुलीला नवीन नाही. 10:26:26 म्हणजे दहा टक्के नत्र, सव्वीस टक्के स्फुरद, सव्वीस टक्के पालाश. नत्राने पानं वाढतात, स्फुरदाने मुळं धरतात, पालाशाने गवत ऊन, थंडी आणि रोग सोसतं. युरियात 46 टक्के नत्र असतं, बाकी काही नाही.

एप्रिलमध्ये ग्रीन रोज कापायला लागले तेव्हा अण्णांनी हिशेब मांडला. वाढीच्या दिवसांत ग्रीनला साधारण पंधरवड्याला चौरस मीटरमागे दोन-अडीच ग्रॅम नत्र देतात. अडीच ग्रॅम नत्र म्हणजे साडेपाच ग्रॅम युरिया, चहाचा एक चमचा. एक ग्रीन साधारण पाचशे चौरस मीटरचं धरलं, तर सगळ्या ग्रीनला मिळून पावणेतीन किलो. 45 किलोचं एक पोतं एका ग्रीनला सोळा वेळा पुरतं.

"एवढंसंच?" अण्णा म्हणाले. मग त्यांनी वर्षाची बेरीज केली आणि डोळे मोठे झाले. वर्षाला चौरस मीटरमागे तीस-चाळीस ग्रॅम नत्र होतं. आडसाली उसाची आपल्याकडची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची, म्हणजे चौरस मीटरमागे चाळीसच ग्रॅम. एवढुसं दिसणारं गवत उसाएवढं खातं!

याला कारणं दोन. एक, ग्रीनचं गवत रोज कापतात आणि कापलेलं सगळं उचलून नेतात. त्याबरोबर खाल्लेलं नत्रही जातं. फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या लांब पट्ट्यावर, कापलेलं गवत तिथेच पडू देतात. ते कुजून परत खत होतं, म्हणून फेअरवेला ग्रीनपेक्षा बरंच कमी लागतं. दुसरं कारण वाळू. ग्रीनखाली साधारण तीस सेंटिमीटर वाळूचा थर असतो. वाळू काही धरून ठेवत नाही. एकदम घातलं तर खालून निघून जाणार.

"आम्ही उसाला चार हप्त्यांत घालतो, हे वीस हप्त्यांत घालतात," अण्णा म्हणाले. "काळी माती साठवते. वाळू साठवत नाही. म्हणून चमच्याने भरवायचं."

पण त्यांचा एक आक्षेप कायम होता आणि तो त्यांनी मोकळेपणाने बोलून दाखवला. ज्या शहरात उन्हाळ्यात टँकरमागे माणसं पळतात, तिथे पोटाला न लागणाऱ्या पिकाला एवढं पाणी आणि एवढं खत कशाला? मी हे हिंदीत सांगताना थोडी संकोचले. माळीकाकांना राग आला नाही. ते म्हणाले, "बाबूजींचं बरोबर आहे. पण माझ्या तीन मुलांची शाळा याच गवतावर झाली. म्हणून मी ते कमीत कमी पाण्यात जगवायला शिकलो." बागांना आणि मैदानांना शुद्ध केलेलं सांडपाणी वापरलं, तर पिण्याचं पाणी वाचतं. त्या पाण्यात नत्र आणि स्फुरद आधीच थोडं असतं. जाणकार माणूस तेवढं खत वजा करतो.

मे महिन्यातली चूक

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला. सकाळी सातला बाकाला हात लावला तरी चटका बसायचा. टिटवीची जोडी सावलीत चोच उघडी ठेवून बसायची. हरळी मात्र खुशीत होती. हेच तिचे दिवस.

त्याच दिवसांत माळीकाकांनी त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली. कामाला लागून दोनच वर्षं झाली होती, दुसऱ्या एका मैदानावर. तिथे मोठी स्पर्धा होती आणि वरून हुकूम आला, की चार दिवसांत ग्रीन गडद हिरवी दिसली पाहिजे. यांनी दुपारी युरिया फेकला, तोही दुप्पट. मग पाणी सोडायला गेले तर पंप बंद. दुरुस्त होईपर्यंत संध्याकाळ झाली. सकाळी ग्रीनवर हात फिरवला त्या त्या ठिकाणी तपकिरी पट्टे उमटले होते. खत हे शेवटी मीठच. ओलं पान आणि तापलेलं ऊन यांच्यामध्ये सापडलं, की ते पानातलं पाणी ओढून घेतं. त्यातून युरियाला लगेच पाणी मिळालं नाही, तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. म्हणजे गवत जळालं आणि खतही गेलं.

"नोकरी?" अण्णांनी विचारलं.

"वाचली. पण सहा आठवडे रोज त्या पट्ट्यांकडे बघत काम केलं."

आता उन्हाळ्यात हिरवा रंगच हवा असेल तर ते नत्र वाढवत नाहीत. थोडंसं फेरस सल्फेट पाण्यातून फवारतात. आपल्याकडे त्याला हिराकस म्हणतात. लोहाने पान गडद होतं, पण उगाच वाढत नाही. फक्त ते फरशीवर सांडू द्यायचं नाही, गंजाचे डाग पडतात.

गोष्ट संपल्यावर अण्णा बराच वेळ जमिनीकडे बघत बसले. "सहा आठवड्यांत भरून आलं," ते स्वतःशीच म्हणाले. "नशीबवान."

पाणी जातं कुठे?

जूनच्या अखेरीला पाऊस आला. एका रविवारी पहाटेपासून दोन तास असा कोसळला, की लाडो सरायच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. खेळ बंद होता, तरी अण्णांनी हट्ट धरला, "चल, बघून येऊ." आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस थांबून तासभर झाला होता. मैदानाच्या सखल भागात डबकी होती, पण सरावाच्या ग्रीनवर पाण्याचा टिपूस नव्हता. अण्णांनी अंगठ्याने माती दाबून पाहिली. ओली, पण चिखल नाही.

"पाणी गेलं कुठं?"

माळीकाकांनी काठीने जमिनीवर रेघा ओढल्या. मधे एक जाड रेघ, तिला दोन्ही बाजूंनी तिरक्या रेघा, माशाच्या काट्यासारख्या. चांगल्या बांधणीच्या ग्रीनखाली वाळू, वाळूखाली खडी आणि खडीखाली असे भोकं असलेले पाइप असतात. सगळ्यांचं पाणी एका मुख्य पाइपात आणि तिथून बाहेर.

म्हणूनच पावसाळ्यात खताची सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. नत्राचं नायट्रेट मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं आणि शेवटी विहिरींच्या, बोअरच्या पाण्यात पोहोचतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असं भारतीय मानक आहे. त्याचा सर्वांत जास्त धोका तान्ह्या बाळांना असतो. स्फुरद मातीला चिकटून राहतं, पण माती वाहिली की तेही तळ्यात जातं आणि तळं शेवाळाने हिरवं होतं. त्यामुळे मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर पोतं फोडायचं नाही. द्यायचंच तर सावकाश विरघळणारं, तेही थोडं. तळ्याच्या काठाने काही मीटरचा पट्टा बिनखताचा आणि उंच गवताचा सोडायचा. दमट हवेत जास्त नत्र दिलं, तर मऊ पडलेल्या पानांवर बुरशी बसते, तो आणखी एक धोका.

मी हे सगळं वहीत लिहीत होते. अण्णा मात्र त्या रेघांकडेच बघत होते. परत येताना गाडीत ते बोलले. आईच्या माघारी पहिल्यांदाच एवढं सलग बोलले.

आमची नदीकाठची दोन एकर जमीन. मी शाळेत असताना तिथे ऊस डोक्याच्या वर जायचा. उपसा योजनेचं पाणी आलं, पाट भरून सोडलं. एकरी साठ टन निघाले, मग कमी होऊ लागले. कमी झाले म्हणून अण्णांनी युरिया वाढवला. युरिया वाढवला म्हणून पाणी वाढवलं. काळ्या जमिनीला निचरा नाही. पाणी खाली साठलं, खालचे क्षार वर आले. एके वर्षी उन्हाळ्यात जमिनीवर मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसला. कृष्णाकाठी अशा क्षारपड जमिनी हजारो एकर आहेत. पण आपली ती आपली.

"तुझी आई म्हणायची, माती तपासून आणा. मी म्हणायचो, माझी माती मला कोण शिकवणार?"

आणि एक गोष्ट मला तेव्हाच कळली. ती जमीन वीटभट्टीवाल्याने मागितली होती. दादा विकायला तयार होता, त्याचंही बरोबरच होतं, दहा वर्षांत तिथे काही पिकलं नव्हतं. दिवाळीला कागद व्हायचे होते. अण्णा माझ्याकडे आले ते बहुतेक ते बघावं लागू नये म्हणून.

एकवीस दूर्वा

गणपती आले. दिल्लीत दूर्वा मिळतात, पण बाजारातल्या जुडीत निम्मं भलतंच गवत असतं. माळीकाकांना विचारलं, तर ते आम्हाला कुंपणाजवळच्या एका कोपऱ्यात घेऊन गेले. "ग्रीनवरची नको. तिथे औषध मारलेलं असतं. इथे काहीच घालत नाही."

तिथली हरळी उंच, थोडी राकट आणि तजेलदार होती. तिला कुणी खत घातलं नव्हतं, पाणी पावसाचं. माझ्या मुलाने तीन-तीन पात्यांच्या एकवीस दूर्वा खुडल्या आणि आजोबांना विचारलं, "हिला काहीच दिलं नाही तरी ही एवढी छान कशी?"

"हिला कुणी रोज कापत नाही," अण्णा म्हणाले. "जेवढं काढून घेशील तेवढंच परत द्यायचं. काढतच नसशील तर देऊ नको."

त्याच रात्री त्यांनी गावी फोन लावला. विषय आरतीचा होता, पण मधेच दादाला म्हणाले, "कुदळ घेऊन नदीकडच्या रानात जा. आठ-दहा ठिकाणची माती घे, एकत्र कर, त्यातली अर्धा किलो तपासणीला दे."

आपल्या अंगणासाठी

आमच्या सोसायटीच्या लॉनचीही माळीकाकांकडून माहिती काढून घेतली. तुमच्याही घरापुढे किंवा सोसायटीत हरळीचं लॉन असेल, तर ही यादी उपयोगी पडेल.

• थंडीत लॉन पिवळं पडलं तर घाबरू नका. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत खत थांबवा. मुंबई, चेन्नईसारख्या उबदार ठिकाणी गवत झोपत नाही, तिथे प्रमाण फक्त कमी करा.

• पहिलं खत रात्री उबदार झाल्यावर. एका वेळी चौरस मीटरमागे एक चमचा युरिया पुरे. घरच्या लॉनला महिन्या-दीड महिन्याने एकदा दिलं तरी चालतं.

• गवत कोरडं असताना, संध्याकाळी खत टाका आणि लगेच हलकं पाणी द्या. भर दुपारी कधीही नाही.

• जोराच्या पावसाआधी खत नको.

• कापलेलं बारीक गवत लॉनवरच राहू द्या. तेही खतच आहे.

• पावसाळा संपला की पालाश द्या, थंडी सोसायला मदत होते. थंडी सुरू व्हायच्या महिनाभर आधी नत्र बंद करा.

• गवत पिवळं दिसलं की आधी पाणी साचतंय का, ते बघा. मुळांना हवा नसेल तर कितीही खत घाला, ते पोहोचणार नाही.

ऑक्टोबर

दसऱ्यानंतर दिल्लीची हवा बदलली. सकाळी हलका गारवा, ऊन मऊ. मैदान वर्षातलं सगळ्यात सुंदर दिसत होतं. माळीकाका पालाशाचं खत टाकत होते. हरळीचं झोपायच्या आधीचं शेवटचं जेवण.

माती तपासणीचा अहवाल दादाने फोनवर पाठवला होता. क्षार जास्त, निचरा नाही. नत्र मात्र अजून पुरेसं होतं. अण्णांनी चष्मा लावून तो तीनदा वाचला. वर्षानुवर्षं घातलेल्या पोत्यांपैकी किती पिकाला मिळालं आणि किती पाण्याबरोबर गेलं, हा हिशेब आता कुणीच लावू शकत नव्हतं.

आमच्या भागात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून अशी रानं सुधारल्याची उदाहरणं आहेत. ग्रीनखाली असतात तसेच पाइप, फक्त जास्त खोल. त्यातून क्षार धुऊन निघायला दोन-तीन वर्षं लागतात. पण एकट्याने करून भागत नाही. पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर खालच्या तीन शेतकऱ्यांच्या रानातून पाइप जायला हवा. त्यातल्या एकाशी बांधावरून अण्णांचं चौदा वर्षं बोलणं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? जाऊन बोलायला लागणार. फोनवर हुईल व्हय असलं काम?"

दादाने दिवाळीचे कागद एक वर्ष पुढे ढकलायला होकार दिला. एकच वर्ष, असं त्याने बजावलं. भट्टीवाला थांबेल की नाही, ते माहीत नाही. तीन शेतकरी हो म्हणतील की नाही, तेही माहीत नाही.

निघण्याच्या आदल्या रविवारी अण्णा माळीकाकांचा निरोप घ्यायला आले. सोबत गावाकडून मागवलेली गुळाची ढेप होती. माळीकाकांनी ती डोक्याला लावली आणि म्हणाले, "बाबूजी, पुढच्या वर्षी तुमच्या उसाचा गूळ आणा."

"पुढच्या वर्षी नाही," अण्णा म्हणाले. "दोन वर्षं तिथं नुसतं पाणी बाहेर काढायचं. खताचं पोतं त्यानंतर."

काल त्यांचा फोन आला होता. दोघं हो म्हणालेत. तिसऱ्याच्या घरी ते उद्या सकाळी जाणार आहेत.